बरणीवरच्या पाच रेघा

आमच्या बोईसरच्या कारखान्यात माणूस ओव्हरटाइम सहन करतो, साहेबांची बोलणी सहन करतो, पण सकाळच्या नाश्त्याला हात लागलेला सहन करत नाही. म्हणून तानीचा आचारी म्हणून पहिला दिवस मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवशी मी उपाशी राहिलो होतो.

तानी सफाळ्याच्या पलीकडच्या डोंगरपाड्यावरची. आठ वर्षं तिने आमच्या कॅन्टीनमध्ये कांदे चिरले. जुने आचारी कमलाकांत गावी परतले आणि झारा तिच्या हाती आला. भिंतीवर कागद होता: माणसं एकशेवीस, पोहे दहा किलो. कमलाकांत नजरेच्या अंदाजाने टाकायचे, तानीला तो अंदाज नव्हता. वजनाचा काटा मात्र स्टोअरमध्ये कुलपात, आणि स्टोअर उघडतं नऊला, नाश्ता साडेसातला! तानीने घरून आईचा पत्र्याचा शेर आणला. तिच्या घरी त्या शेराने फक्त तांदूळ मोजायचे. काठोकाठ भरून वर शीग चढवली, म्हणजे ढीग केला, की झाला किलो. तिने पोह्यांचेही दहा शेर घेतले, शीग चढवून. पोहे पडले हलके, भरले जेमतेम साडेतीन किलो. चाळिसाव्या माणसापाशी पातेलं रिकामं झालं. एकेचाळिसावा मी.

कॅन्टीनचे व्यवस्थापक इंद्रजीतसाहेब सगळ्यांदेखत कडाडले, "सोमवारी शेवटची संधी. नाही जमलं तर परत कांद्यांवर!"

मीही तावातावाने बोललो होतो. पण तिचा उतरलेला चेहरा पाहून माझी मलाच लाज वाटली.

रविवारी तानी एक मोठी पारदर्शक बरणी आणि लेकीची, स्वातीची, नेलपॉलिशची बाटली घेऊन रामनाथच्या किराणा दुकानात ठाण मांडून बसली. एकेक जिन्नस किलोभर तोलायचा, बरणीत ओतायचा, सपाट करायचा आणि तिथे रेघ ओढायची. मीठ पार तळाशी राहिलं. त्याच्या वर तांदूळ, मग रवा, मग बेसन, आणि पोहे थेट बरणीच्या गळ्याशी. बेसनाच्या वेळी बरणी आपटली गेली आणि पीठ चांगलं दोन बोटं खाली बसलं. तिने ती रेघ पुसली आणि न आपटता पुन्हा मोजलं. रामनाथ वैतागला, पण शेवटी स्वतःच तिला पोती उघडून देऊ लागला.

सोमवारी इंद्रजीतसाहेब काटा घेऊन पहाटेच हजर. तानीने मोठ्या पातेल्यात दहा बरण्या पोहे ओतले, प्रत्येक वेळी रेघेपर्यंत, वर एक दाणा नाही. साहेबांनी पातेलं काट्यावर चढवलं. आकडा आला चौदा.

"परवा कमी, आज चार किलो जास्त!" साहेबांना जणू लॉटरी लागली.

तानी शांतपणे म्हणाली, "साहेब, पातेलंपन तुमी खानार हाय काय?"

आधी कुणाला कळेना. मग तिने पोहे परातींत काढले आणि रिकामं पातेलं काट्यावर ठेवलं. चार किलो! आम्ही दारात उभे होतो, इतके हसलो की पलीकडच्या मशीनवरचे लोक धावत आले. साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस सच्चा, तेही हसले. म्हणाले, "झारा तुझाच."

त्या दिवशी एकशेवीस माणसं जेवावं तशी पोटभर पोहे खाऊन उठली. मी दोनदा घेतले, मागची उधारी वसूल केली म्हणा ना. साहेब सर्वांत शेवटी आले. तानीने त्यांच्या ताटलीत एक झारा वाढला, दुसरा वाढला, तिसरा वाढला, पोह्यांचा डोंगर झाला.

"अगं, बस, बस!"

"असू दे साहेब. शीग मोजताना नाय चढवायची," तानी म्हणाली, "वाढताना चढवायची."