सत्तर आणि सतरा

सकू वारघडे खोडाळ्यापलीकडच्या एका पाड्यावरची. जव्हारला वसतिगृहात राहून बारावी सायन्स झाली आणि १९९५ साली पाड्याजवळच्या आरोग्य पथकात वायरलेसवर लागली. रोज सकाळी आजाऱ्यांचे आकडे आणि औषधांची मागणी जव्हारला कळवायची.

दुसऱ्याच पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. सकूने सलाइनच्या सत्तर बाटल्या मागितल्या. जीपमधून सतराच उतरल्या. पुढची खेप येईपर्यंत तिची पोशी मावशी त्या साथीत गेली.

चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "तुम्हा लोकांच्या तोंडात पाड्यावरची बोली बसलेली. उच्चार चुकला, असं लिहून दे."

"मी सत्तरच म्हटलं होतं. नाही लिहून देणार."

साहेबांनी तिच्या सेवापुस्तकात ‘उच्चार सदोष’ असा शेरा मारला.

"दिलं असतंस लिहून, तर मिटलं असतं," आई म्हणाली.

"कसं मिटेल? सेटची खरखर तशीच राहणार."

खरखर थांबवणं तिच्या हातात नव्हतं. पण आकडा चुकीचा ऐकला, हे ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे कळलं तर? तिने ठरवलं, अंक सुटे सांगायचे आणि शेवटी त्यांची बेरीज सांगायची.

"सात, शून्य. बेरीज सात."

जव्हारचा ऑपरेटर तुळशीदास हसला. "ताई, आता पाढेही म्हणायला लावणार का?"

"बेरीज जुळली नाही तर पुन्हा विचारा. जुळेपर्यंत मी सेट सोडणार नाही."

साहेबांची चिठ्ठी आली, नियमात नसलेलं बोलू नये. सकूने ती वाचली, बाजूला ठेवली आणि सेट लावला. "तीन, पाच. बेरीज आठ."

महिन्याभरात एका सकाळी तुळशीदासनेच तिला थांबवलं. "मी चार, आठ ऐकलं. तुम्ही बेरीज अकरा म्हणता."

"चार, सात."

त्या दिवसापासून तो बाकीच्या पथकांनाही बेरीज विचारू लागला.

२००३ साली पथकात संगणक आला. तो बसवायला आलेली सपना नावाची इंजिनिअर सकूचं सेटवरचं बोलणं ऐकत राहिली. "संगणकही एकमेकांना माहिती पाठवताना असंच करतात. चूक पकडायला एक जादा आकडा सोबत जातो. तुम्ही कुठे शिकलात?"

"इथेच. सत्तरच्या जागी सतरा बाटल्या आल्या तेव्हा."

सपनाने वर कळवलं, तसा कार्यालयाने सत्कार ठरवला. सकू नव्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "शाल नको. आधी तो शेरा खोडा."

"इतक्या वर्षांनी काय फरक पडतो?"

"मला पडतो. माझ्या बोलीवर ठपका आहे तो."

तीन महिने कागद फिरले. शेवटी शेऱ्यावर आडवी रेघ आली. सत्काराला मात्र सकू गेलीच नाही. त्या दिवशी ती मोखाड्याला नव्या ऑपरेटर मुलींना अंक सांगायला शिकवत होती.