डाव्या हातात चहा

घोडबंदरच्या खाडीपासून उत्तनच्या समुद्रापर्यंत आमच्या मीरा-भाईंदरमध्ये नाना तऱ्हेच्या शिकवण्या चालतात. दहावीच्या, बारावीच्या, गरब्याच्या, मेंदीच्या, बिनअंड्याच्या केकच्या. पण चहा कसा प्यायचा याची शिकवणी घेणाऱ्या बाई अख्ख्या महानगरपालिकेत एकच होत्या, आणि त्या भाईंदर वेस्टला आमच्या समोरच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. फी नव्हती. चहाही त्यांचाच. तरी विद्यार्थी टिकत नसत, कारण बाई बिस्किट हातात द्यायच्या आणि खाऊ द्यायच्या नाहीत.

बाईंच्या दारावर नावाआधी ‘डॉ.’ लिहिलेलं होतं आणि त्या एका अक्षराने सोसायटीचा फार मोठा अपेक्षाभंग केला. त्या राहायला आल्या त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरचे शहाकाका छाती धरून जिना चढून गेले. बाईंनी दार उघडलं, त्यांना खुर्चीत बसवलं, रिक्षा बोलावून हॉस्पिटलात पाठवलं. इथवर ठीक होतं. पण निघताना काकांनी विचारलं, “तुम्ही स्वतः नाही तपासणार?” तर म्हणाल्या, “मी उंदरांच्या लिव्हरवर पीएचडी केलीय. तुम्ही उंदीर असता तर नक्की तपासलं असतं.” काकांच्या छातीत गॅस निघाला, पण मनात जे निघालं ते कायमचं राहिलं. “बेन भणेला छे, पण कामना नथी,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. म्हणजे शिकलेल्या आहेत, पण उपयोगाच्या नाहीत. पुढे काकांनी धंद्यात बरकत यावी म्हणून पुष्कराजची अंगठी केली आणि धंदा वाढल्याचं बाईंना मुद्दाम ऐकवलं, तेव्हा बाईंनी मनापासून विचारलं, “छान. आणि अंगठी न घातलेला, तुमच्यासारखाच दुसरा शहा कुठे ठेवलाय? तुलना कशाशी करायची?” त्यानंतर काका लिफ्टमध्ये बाई दिसल्या की जिन्याने जायला लागले. गॅसलाही बरं पडलं.

लॅबमधून निवृत्त झाल्या तरी लॅब बाईंमधून निवृत्त झाली नव्हती. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, त्यावर तारीख आणि ‘कारलं, दुसरा प्रयत्न’ असला मजकूर. दूध नासलंय का पाहायला त्या पातेल्यात नाक घालत नसत. हात हलवून वास लांबूनच नाकाकडे बोलवायच्या, जसं काही ते दूध नसून ॲसिड आहे. कैरीच्या लोणच्याची एक बरणी नेहमीसारखी आणि शेजारी एक बरणी बिनमिठाची. त्या दुसरीला बुरशी आली की बाईंना आनंद व्हायचा. “ही नासली म्हणूनच मिठाला मार्क देता येतात. याला म्हणतात कंट्रोल,” असं त्या नासक्या बरणीवर माया करत म्हणायच्या. माझी आई म्हणायची, “बाई विद्वान आहेत, पण त्यांच्याकडे लोणचं मागू नको.”

मी आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे मी सांगते. कोणी विचारलं नाही तरी सांगते. माझे बाबा राजापूरकडचे, भाईंदर ईस्टला स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश करायचे. आमच्या घरातली भांडी साधी, पण बाबांच्या हातून गेलेल्या टोपात तुम्हाला तुमचे दात मोजता आले असते. मी एमएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, “पुढे काय मिळतं?” बाईंकडे मी पहिल्यांदा गेले ती आईने दिलेल्या मोदकांचा डबा घेऊन. त्यांनी विचारलं, “मायक्रोबायोलॉजी का घेतलंस?” हा ‘का’ मला तोवर कोणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, “मार्क बरे होते म्हणून.” बाई म्हणाल्या, “इतकं प्रामाणिक उत्तर मी आमच्या खात्यात तीस वर्षांत ऐकलं नाही. रविवारी ये. अजून कोणी असेल तर घेऊन ये. एकच उंदीर घेऊन प्रयोग होत नाही.”

म्हणून मी फिलोमिनाला नेलं. ती माझ्याच वर्गातली, तारोडी गावची, बाप मच्छीमार. उत्तनकडून बसने यायची आणि बाईंसाठी सुके बोंबील आणायची. आपल्या कपड्यांना वास येतो म्हणून कॉलेजात ती शेवटच्या बाकावर बसायची. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, “बाई, मी लॅबमध्ये न्हाय जायची. लोक नाक धरतील.” बाई उसळल्या. “अगं, लॅबला उंदरांचा वास येतो, फिनॉलचा येतो, सगळ्यात जास्त प्रोफेसरांचा येतो. बोंबलानेच काय कुणाचं घोडं मारलंय?”

बाईंचा सिद्धांत असा होता की संशोधनात माणूस परीक्षेतून आत जात नाही, चहातून जातो. व्याख्यान संपतं, बाहेर टेबलावर चहा-समोसे मांडतात, आणि त्या अर्ध्या तासात कुणाच्या लॅबमध्ये जागा आहे, कुणाला माणूस हवाय, सगळं ठरून जातं. “ज्यांचे काका-मामा प्रोफेसर, त्यांना जन्मापासून माहीत असतं की असल्या माणसाशी बोललं तर तो चावत नाही. आणि आपली माणसं काय करतात? दोन बिस्किटं घेतात, भिंतीला पाठ लावतात आणि कप दोन्ही हातांनी धरतात, कोणी हिसकावून नेणार असल्यासारखा. चहा संपला की घरी. मग वर्षानुवर्षं तेच विरजण, तेच दही. आणि औषध शोधणारे सगळे एकाच आळीतले असले ना, की त्यांना रोगसुद्धा त्याच आळीतले दिसतात. तुम्ही दुसरं विरजण. आंबट निघालात तर निघालात!”

सिद्धांत मांडून बाई थांबल्या असत्या तर त्या बाई कसल्या? दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चहाची तालीम सुरू झाली. कॅरमच्या बोर्डावर कप आणि मारीची बिस्किटं. बाई स्वतः मोठे शास्त्रज्ञ व्हायच्या, आणि त्यासाठी सुती साडीवर आपल्या दिवंगत नवऱ्याचा निळा ब्लेझर चढवायच्या. मे महिन्यात, भाईंदरच्या घामात, साडीवर ब्लेझर! नियम कडक. कप डाव्या हातात. उजवा हात मोकळा, हात मिळवायला नाहीतर कागदी रुमालावर आकृती काढायला. बिस्किट बशीत दिसलं पाहिजे, तोंडात नाही, कारण “मोठी माणसं नेमकी तुमच्या तोंडात घास असताना प्रश्न विचारतात.” मग दोन वाक्यं. एकात मी कोण, दुसऱ्यात मला काय शोधायचंय. आणि मग गप्प. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. फिलोमिना त्या शांततेला घाबरून “सॉरी” म्हणून पळायची आणि पळताना कप फोडायची. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, ठणठणीत आवाजात. थापा मारणाऱ्याला बाई बिनमिठाच्या बरणीचं झाकण उघडून वास घ्यायला लावायच्या. लांबून नाही, जवळून.

आमचे वॉचमन गुप्ताजी यांना बाईंनी मध्येच घुसणाऱ्या माणसाचं काम दिलं होतं. “मोठ्या माणसाशी बोलताना दुसरा मोठा माणूस मध्ये घुसतोच. त्या वेळी पळायचं नाही, कप धरून उभं राहायचं.” गुप्ताजी भूमिकेत शिरायचे. मी माझं दुसरं वाक्य उच्चारणार, तोच “अरे डॉक्टरसाब! अमरीका से कब लौटे?” अशी आरोळी देत ते बाईंना कोपऱ्यापर्यंत ओढून न्यायचे. त्यांच्या मागे गेट उघडं पडायचं, आणि या काळात सोसायटीत भंगारवाले, अगरबत्तीवाले, धर्मप्रचारक असे कितीतरी लोक बिनदिक्कत येऊन गेले. कमिटीने तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, “वॉचमन सध्या डेप्युटेशनवर आहेत.”

माझं दुसरं वाक्य मात्र बाईंनी दिलं नाही. मी पाठ्यपुस्तकातलं काहीतरी चकचकीत आणलं की त्या जांभई द्यायच्या. एकदा म्हणाल्या, “तुझ्या घरात रात्री कसला आवाज येतो? मला इथवर ऐकू येतो.” मी म्हटलं, “बाबांचा खोकला. पॉलिशची धूळ जाते ना छातीत.”  या वेळी बाईंनी जांभई दिली नाही. मग म्हणाल्या, “सापडलं का वाक्य?”

पण वाक्य सापडून घर चालत नाही. बाबांनी मीरा रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या मालकाशी माझ्या नोकरीचं बोलून ठेवलं होतं. रक्त घ्यायचं, बाटल्या लावायच्या, महिन्याला पगार. बाई आमच्या घरी आल्या, ब्लेझर न घालता.

बाबांनी विचारलं, “म्हणजे हिला पुढे डॉक्टर म्हणणार, पण हिच्याकडे पेशंट नाही येणार?”

“आले तर हाकलायचे,” बाई म्हणाल्या. “शहांना विचारा.”

“आणि हे किती वर्षं चालणार?”

“पाच. सहा. ते उंदरांवर आहे.”

“आणि लग्न?”

“ते उंदरांवर नाही.”

बाबांना हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. पाणी पिऊन म्हणाले, “दिवाळीपर्यंत बघ. नाहीतर त्या मालकाला हो म्हणू.”

दिवाळीच्या थोडं आधी मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत परदेशी पाहुण्याचं व्याख्यान होतं, विद्यार्थ्यांना खुलं. फिलोमिनाला ताप होता. बाईंना मी चला म्हटलं, तर म्हणाल्या, “पोहायला शिकवणारा पाण्यात हात धरून ठेवत नाही. जा.” व्याख्यानातलं मला निम्मं कळलं. नंतर चहा. डाव्या हातात कप, बशीत बिस्किट, उजवा हात मोकळा, आणि समोर समोशांच्या टेबलाशी साक्षात निळा ब्लेझर! अख्ख्या दालनात एकच. मी थेट गेले. “मी वैशाली, भाईंदरहून आले. स्टीलला पॉलिश करणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसात जाणारी धूळ तिथल्या पेशींचं नेमकं काय करते, ते मला शोधायचंय.” आणि गप्प. ते गृहस्थ मान कलती करून ऐकत होते. शांतता लांबली. मी पळाले नाही. शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, विषय फार चांगलाय. पण माझा ढोकळा खाली लिफ्टमध्ये अडकलाय.”

ते केटरिंगचे मॅनेजर होते.

जमीन दुभंगायची वाट बघत उभी होते, तर मागून कोणीतरी खो खो हसलं. चुरगळलेला बुशशर्ट, खिशाला शाईचा डाग, पायात चपला, बोटांना हिरवी चटणी. मला वाटलं, ढोकळावाल्यांचाच माणूस. तो म्हणाला, “धूळ कुठली घेणार? विकतची की कारखान्यातली?”

मी चिडूनच बोलले, “कारखान्यातली. विकत कशाला? झटकली तरी माझ्या वडिलांच्या शर्टावर रोज घरी येते.”

त्यांचं हसणं थांबलं. “आणि कंट्रोल काय?”

तेव्हा मला कळलं हे कोण असणार. केटरिंगवाले कंट्रोल विचारत नाहीत. “माहीत नाही,” मी ठणठणीत आवाजात म्हटलं. “अजून विचार केला नाही.”

“मग विचार करून मंगळवारी माझ्या लॅबमध्ये या.” माझा उजवा हात तयार होता, त्यांचा चटणीत होता, शेवटी त्यांनी कोपर पुढे केलं आणि मी त्याच्याशीच हात मिळवला.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसून हसून कॅरमबोर्डावर बसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. “घंटा वाजवून खाऊ दिला की उंदीर घंटेमागेच धावतो. मी तुम्हाला ब्लेझर दाखवून शिकवलं, तुम्ही ब्लेझरमागे धावलात. चूक प्रयोग मांडणाऱ्याची, उंदराची नाही.” पुढच्याच रविवारी ब्लेझर बाद झाला आणि शास्त्रज्ञाच्या पदावर गुप्ताजींची बढती झाली, वॉचमनच्या गणवेशातच. त्यांनी एकच प्रश्न पाठ केला होता आणि तो ते भाजीवाल्यालाही विचारायचे, “वो सब ठीक है. लेकिन कंट्रोल क्या है?”

मंगळवारी मी गेले आणि मला जागा मिळाली.  रोज कारखान्याच्या गेटवर शर्ट झटकून येणारा माझा बाप दुसऱ्या संध्याकाळी न झटकलेला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला गाठ मारून घेऊन आला. “हे घे, तुझं सामान,” म्हणाले. फिलोमिना वर्षभराने दुसऱ्या एका लॅबमध्ये लागली. मासे साफ करणाऱ्या बायकांच्या हातांना होणाऱ्या जखमांवर ती काम करते, आणि कुणी अडचणीचा प्रश्न विचारला तर भर सभेत “न्हाय माहीत” म्हणते.

पुढे बाईंचे गुडघे गेले आणि त्यांनी फ्लॅट विकून नागपूरला बहिणीकडे जायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेले होते. बरण्या रिकाम्या झाल्या होत्या, ब्लेझर गुप्ताजींनी मागून घेतला होता. खोक्यांच्या मधोमध बसून आम्ही चहा घेतला. मी विचारलं, “बाई, तुम्हाला हे सगळं कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. म्हणून तर कळलं.” मग म्हणाल्या, “माझी पहिलीच मोठी सभा होती. ज्यांचं काम वाचून मी या धंद्यात आले, ते माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. माझ्याकडे त्यांच्यासाठी एक प्रश्न होता. महिनाभर घोटलेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांचा चहा संपला, ते गेले.”

“कुठला प्रश्न?”

त्यांनी सांगितला. साधा, एका ओळीचा प्रश्न. लिव्हरच्या पेशींबद्दलचा. मी पटकन बोलून गेले, “पण बाई, हे तर आम्हाला बीएस्सीच्या पुस्तकातच होतं.”

“हो,” बाई म्हणाल्या. “आता आहे.”

आणि उठून खिडकीशी जाऊन त्यांनी चहाचा घोट घेतला. खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत, भिंतीला पाठ लावून, कप दोन्ही हातांनी धरून.