पहिल्या पाण्याचा चहा

महाडच्या सुनीतीबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि चहाच्या नादी लागल्या. चहा म्हणजे आपला आलं ठेचून उकळ उकळ उकळलेला नव्हे हो! पानांचा चहा. दार्जिलिंगचा, निलगिरीचा, कुरिअरने मागवलेला. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करायचा, जरा दम धरायचा, मग किटलीतल्या पानांवर ओतून झाकण ठेवायचं. दूध नाही, साखर नाही. सुवास सगळा पहिल्या पाण्याला, दुसऱ्याला नुसता रंग, असं त्या सांगायच्या.

सांगणार कुणाला? घरात दुसरं माणूस एकच, नवरा. हरीभाऊ, हार्डवेअरचे दुकानदार. बाईंचं मागणं तरी काय मोठं होतं? सकाळी त्यांनी शेजारी बसावं, एक कप प्यावा आणि कसा लागला ते सांगावं. बस्स. म्हणून रोज पहिलं पाणी त्यांच्या कपात, दुसरं स्वतःच्या. बायकांना ही मेली सवयच, चांगलं ते आधी दुसऱ्याच्या ताटात! आणि हरीभाऊ एक घोट घेऊन तोंड वाकडं करायचे. "हे कसलं गवताचं पाणी? मी काय आजारी आहे?" कप मोरीत ओतायचे. "जरा नीट चहा टाक बघू."

सावित्री नदीचा पूर घरात शिरला त्या वर्षी डबे गेले, किटली गेली. बाई चिखलात हात घालून झाकण शोधत होत्या, तर हे म्हणाले, "बरं झालं, गवत वाहून गेलं एकदाचं." माणसाने बोलावं तरी किती? बाईंनी गिळलं. नवी किटली आणली आणि पुन्हा पहिलं पाणी त्यांनाच.

यंदा दिवाळीनंतर दोघं वरंध घाटाने पुण्याला मुलाकडे गेली. सून चैत्रालीचे आईवडीलही आले होते. चैत्रालीने चहा आणला, बाईंनीच पाठवलेल्या पानांचा. हरीभाऊंनी कप नाकाशी नेला, डोळे मिटले.

"वा! यात दूध घातलं की मेला हा चहा. सुवास सगळा पहिल्या पाण्याला असतो बघा."

व्याही थक्क झाले. "तुम्ही तर जाणकार निघालात!"

"अहो, ही गोडी चैत्रालीने लावली. आमच्या घरी काय, उकळा आणि ढोसा!"

सगळे हसले. सुनीतीबाईही हसल्या, पण आतून जीव तळतळला. माझे शब्द! माझेच शब्द, तेही माझ्यादेखत!

महाडला परतल्यावर दुसऱ्या सकाळी हरीभाऊ ओटीवर ऐटीत बसले. "अगं, चैत्रालीसारखा चहा कर ना. जमेल तुला?"

बाई स्वयंपाकघरात गेल्या. पहिलं पाणी आपल्या कपात ओतलं आणि ओट्याशी उभ्या राहून सावकाश प्यायल्या. दुसरंही स्वतःच संपवलं. उरलेल्या चोथ्यावर आणखी पाणी ओतून तो कप बाहेर नेला.

हरीभाऊंनी डोळे मिटून घोट घेतला. "वा! ह्याला म्हणतात पहिलं पाणी!"

फजिती बघून बरं वाटेल, असं बाईंना वाटलं होतं. कसलं बरं वाटतंय! जीव नुसता विटून गेला. ह्या जिभेसाठी आपण इतकी वर्षं झुरलो?

"उभी का? बस की इथं," हरीभाऊंनी शेजारी जागा केली. "तुझा कप कुठाय?"

"माझा पिऊन झाला," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.