हजार फुटांचे हजार मीटर

जालना जिल्ह्यातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडेही पाहिले. त्यांतले बरेच तपशील आता पुसट झाले आहेत. एका बागेचा गुन्हा मात्र जसाच्या तसा ध्यानात राहिला आहे.

सकाळची हजेरी संपत होती. जाफराबाद तालुक्यातल्या एक निवृत्त नर्सबाई अर्ज घेऊन ठाण्यात आल्या. त्यांना नवरा नव्हता, मूलबाळ नव्हते. घरामागे दहा गुंठ्यांची बाग होती : मोसंबी, सीताफळ, मोगरा, आणि पार टोकाला विहीर. भाच्याला दोन खोल्या बांधायला हजार चौरस फूट जागा त्यांनी बक्षीसपत्राने दिली होती. कागदावर मात्र हजार चौरस मीटर लिहिले होते.

"वाचून सही केली नाही?" मी विचारले.

"केली की साहेब. आकडा बराबर हजारच होता. फूट की मीटर, तिकडं ध्यानच गेलं न्हाई."

मी अर्ज वरवर चाळला. "बाई, ही दिवाणी बाब आहे. वकील गाठा."

अर्जाची नोंद झाली, बाई निघून गेल्या.

चौथ्या दिवशी एका लाकूडतोड्याचा फोन आला. "साहेब, नर्सबाईंच्या भाच्यानं बागंतली झाडं तोडायला बोलावल्तं मला. बाई झाडाला धरून बसल्या, म्हणून मी कुऱ्हाड लावली न्हाई. आता त्यानं मशीन आणलंय. जल्दी या."

आम्ही पोहोचलो तेव्हा बाग आडवी झाली होती. बाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. हात काट्यांनी ओरबाडले होते. मला पाहून त्यांनी तोंड विहिरीकडे फिरवले.

भाच्याला ठाण्यात आणले. तो निवांत होता. "टायपिंगची चूक, साहेब. फुटाच्या जागी मीटर पडलं. मी काय करू?"

एक चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पावणेअकरा चौरस फूट. हजार फूट म्हणजे गुंठ्याहूनही कमी, हजार मीटर म्हणजे अख्खी बाग. पण एवढ्यावर लबाडी सिद्ध होत नव्हती. मी बक्षीसपत्रातल्या चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारही बाजूंच्या हद्दी, नीट वाचल्या. 'पूर्वेस विहीर.' टेप घेऊन जागेवर गेलो. घराच्या भिंतीपासून हजार चौरस फूट धरले, तर जागा विहिरीच्या जवळपासही जात नव्हती. एक शब्द चुकेल, सीमा कशी चुकेल?

दस्तलेखकाला भाच्यासमोर बोलावले. त्याने फायलीतून एक चिठ्ठी काढली. "सीमा यांनीच लिहून आणल्या होत्या." चिठ्ठीच्या कोपऱ्यात फुटांचे मीटर करून पाहिल्याचा हिशोबही होता.

"अक्षर कोणाचं?"

भाच्याने चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, "आत्याच्या मागं मलाच मिळणार होतं की. मी आधी घेतलं, इतकंच."

फसवणुकीचा गुन्हा दाखल केला, दोषारोपपत्र पाठवले. पुढे बाईंच्या दाव्यात दिवाणी कोर्टाने बक्षीसपत्र रद्द ठरवले. ही बातमी सांगायला मी स्वतः बाईंकडे गेलो. मागच्या दारातून उघडी जमीन दिसत होती.

"जागा परत तुमची झाली," मी म्हणालो.

"मोसंबीला फळ धरायला पाच वर्षं लागतात, साहेब. मी आता एक्याऐंशीची. चहा घेता?"

मी चहा घेतला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, जमिनीचा अर्ज आला की आधी शिपाई जागेवर पाठवत होतो. सहकारी त्याला माझी शिस्त म्हणत. ती शिस्त नव्हती. चार दिवसांत काय काय होऊन जाते ते मी पाहिले होते, आणि ते पाहायला एका बाईची बाग जावी लागली.