काळी केलेली नवार

सांगायला तोंड नाही, पण चहा सांगितलाच आहे तुम्ही, तर ऐका. माणूस आयुष्यात कधीतरी माती खातोच. मी ती पाण्यात उतरून खाल्ली. आणि पाणी तरी कुठलं? सख्ख्या बहिणीच्या विहिरीतलं.

मी गेवराईला हायवेच्या कडेला सीट कव्हरं शिवतो. ट्रॅक्टरची हुडं, ट्रकच्या ताडपत्र्या, मोटारसायकलच्या गाद्या, काय म्हणाल ते. आमचे वडील बैलांचा साज करायचे. म्होरक्या, पट्टे, घुंगुरमाळा. आमच्या हातचा पट्टा बैलानं तोडला असं आजवर कुणी सांगत आलं नाही. हे मीच दर गिऱ्हाइकाला सांगत असतो, ती गोष्ट वेगळी.

धाकटी बहीण शोभा गोदाकाठच्या गावात दिलेली आहे. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, विहिरीत पडलेल्या मोटारी काढतात. हा झाला धंदा. पण नदीत कुणी बुडालं की पोलीस काय, नातेवाईक काय, सगळे दाजींच्याच दारात. वाळू उपसून उपसून नदीची अशी दशा झाली आहे की गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला दिसेनासा होतो. दाजी दम धरून खाली जातात. जोडीला मुसाभाई असतो, दाजींच्या दुप्पट अंगाचा. दोघं मिळून वर आणतात. जिवंत म्हणून कुणी येत नाही, बोलावणंच तेवढं उशिरा येतं.

गेल्या पावसाळ्यात एका माणसाला शोधायला तिसरा दिवस उजाडला. त्याची बायको तिन्ही दिवस काठावर बसून होती. ती रडत नव्हती, नुसती दाजींच्या तोंडाकडं बघायची. तेव्हापासून दाजींचं एकच. म्हणायचे, एका दमात गाळात काय दिसणार?

पूर्वी दोन सीझन ते मालवणकडं कामाला होते, पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्यांकडं. तिथं परत गेले आणि एक जुना सिलिंडर, तोंडात धरायची नळी, सगळं घेऊन आले. सिलिंडर ठणठणीत. नळी ठणठणीत. फक्त तो पाठीवर अडकवायचं जाकीट उंदरांनी कुरतडलेलं.

मग कुणाकडं येणार ते? माझ्याकडंच की!

भंगारातल्या गाड्यांचे चार सीट बेल्ट त्यांनी माझ्यापुढं ठेवले आणि शांतपणे सांगितलं, "भाऊ, ह्येच्यातनं जाकीट शिवा. माज्या अंगाला बी बसलं पायजे अन् मुसाभाईच्या बी. आन् एका हातानं सुटलं पायजे. खाली कुटं आडकलो तर समदं टाकून वर येता आलं पायजे."

मी मान डोलावली. ऐकलं मात्र अर्धंच. कमीजास्त व्हायला पाहिजे, हे पटलं. पण सुटलं पाहिजे? अहो, आमच्या घराण्यात दोन पिढ्या सुटू नये म्हणूनच शिवत आल्या! मी तो सीट बेल्ट हातात घेतला, लाल बटण दाबलं, टक्कन निघाला. म्हटलं, हे काय खरं नव्हे. नळीत वारा भरून माणूस खाली जाणार आणि त्याचा जीव एका बटणावर?

त्यात शोभाचा फोन आला. तिला हे सिलिंडरचं प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. दम संपला की माणूस निदान वर तरी येतो, सिलिंडर असला की खालीच रमेल, असं तिचं म्हणणं. शेवटी म्हणाली की तू शिवतोयस म्हणून मी हो म्हणते. झालं, मी एकदम फुगलो.

माळ्यावर वडिलांच्या काळातली सुती नवार होती, पलंग विणायची रुंद पट्टी. आता तशी मिळत नाही. ती काढली. पांढरी नवार दाजी ओळखतील म्हणून पातेल्यात काळ्या रंगाच्या पुड्या उकळून बुडवली. तिहेरी घडी घातली, दाभणानं मेणाच्या दोऱ्यानं शिवली. बैलाच्या पट्ट्याच्या लोखंडी कड्या लावल्या, एक नाही, सात. खांद्याला दोन, छातीला एक, कमरेला एक, जांघेत दोन, आणि एक अशीच, शोभेला. पट्ट्याच्या एका भोकात दाजी, दुसऱ्या भोकात मुसाभाई, बसायची सोय एकदम चोख. दुकानासमोरच्या लिंबाला तो साज टांगून त्यात सरकीच्या पेंडीचं पोतं दोन दिवस लटकवलं. येणारा जाणारा थांबून बघायचा. सुटलं का काही? सुताइतकंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, सुटतं का ते बघितलं का? नाही ना बघितलं!

तयार झाल्यावर घेऊन गेलो शोभाकडं. दाजींनी हात फिरवला, जाड लागतंय म्हणाले. मी म्हटलं, बेल्टाला आतून अस्तर लावलंय. बघा, किती सहज खोटं निघून गेलं तोंडातून. दाजींनी कड्या मोजल्या आणि त्यांचा चेहरा उतरला, पण मेहुण्याला कसं बोलणार?

आधी घरच्या विहिरीत उतरून बघायचं ठरलं, मुसाभाईही आला. दाजी शर्ट काढू लागले तशी शोभा आडवी आली. "आदी तू घालून उतर, दादा. मंग हे उतरतील."

मी हसलो. आनंदानंच घातला साज. पोट आत ओढून सगळ्या कड्या आवळल्या, जरा जास्तच, कारण मुसाभाई मोबाईलवर फोटो काढत होता. पायऱ्या उतरून छातीएवढ्या पाण्यात बसलो, नळी तोंडात धरली, डोकं बुडवलं. काय सांगू, श्वास येत होता! मी पाण्याखालून अंगठा वर करून दाखवला. दहाएक मिनिटं तिथंच बसून राहिलो. उठावंसंच वाटेना.

मग उठायला गेलो आणि शेवाळावरून पाय सटकला. पायरीवरून खाली घसरलो तो सिलिंडरची मान मोटारीच्या पाइपाच्या लोखंडी पट्टीत जाऊन बसली. तोंडातली नळी घाबरून मीच थुंकली. नाकापर्यंत पाणी. पुढं हलता येईना, मागं हलता येईना.

म्हटलं, काढू कड्या. पहिली हलेना, दुसरीही नाही. नवार पाणी पिऊन टच्च फुगली होती, कडीत बोट जाईना. ओला कासरा सुटत नाही हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. साज करणाऱ्याच्या पोराला नाकात पाणी गेल्यावर आठवलं.

दाजींनी उडी मारली. मला खालून उचलून धरलं, कड्या ओढल्या. मुसाभाईनं वरच्या पायरीवरून माझे केस धरले, असतील तेवढे. माझ्याभोवतीचं पाणी काळंशार झालेलं. दाजींनी स्वतःचे हात बघितले, कोपरापर्यंत काळे.

"भाऊ," ते म्हणाले, "सीट बेल्टचा रंग कावून जातो?"

मी म्हणालो, "नवार हाय."

दाजींनी वर हात केला. मुसाभाईनं कमरेचा चाकू दिला. दाजी कापू लागले, पण तिहेरी घडी आणि मेणाचा दोरा! एकेक पट्टा कापायला किती वेळ गेला, ते मला विचारू नका.

"क्या मजबूत सिये तुम, मिस्त्री," मुसाभाई म्हणाला. जन्मभर ज्या कौतुकाची वाट बघितली ते असं मिळालं.

वर येऊन बसलो आणि खाली विहिरीत बघितलं. इथं पायरी होती, नाकाच्या वर हवा होती, दोन माणसं होती. नदीच्या खड्ड्यात यातलं काय असतं? गाळात बाभळीचं खोड असतं, आणि अंधार. दाजी खाली एका हातानं कडी शोधत राहिले असते आणि मी काठावर उभा राहून लोकांना सांगत राहिलो असतो की साज आमच्या हातचा आहे. बहिणीचं कुंकू मी माझ्या हातानं पुसणार होतो हो. हे मला तेव्हा कळलं आणि अजून रोज कळतं.

शोभा रागावेल असं वाटलं होतं. ती माझा काळा झालेला सदरा पिळत होती. पिळून झाल्यावर म्हणाली, "मी तुज्या भरवशावर हो म्हनले होते, दादा." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं ते चार सीट बेल्ट मागून घेतले. ब्लाउज शिवायच्या मशीनवर दाजींनी सांगितलं तसं शिवलं. साधंच, एक बटण, टक्कन निघणारं. वीस वेळा पाण्यात सोडवून बघितलं. मला दाखवलंही नाही.

आणि महिनाभरानं नदीवरून बोलावणं आलं. मीही गेलो, न बोलावता. दाजींनी सिलिंडर चढवला, कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक कुणीतरी काठावर धरायचं असतं. दाजींनी इकडंतिकडं बघितलं आणि तो दोर माझ्या हातात दिला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दाजी पाण्याखाली गेले.

तेवढ्यात शोभा आली. तिनं माझ्या मागं लोंबणारं टोक उचललं, काठावरच्या बाभळीला तीन वेढे देऊन पक्कं बांधलं, ओढून बघितलं.

"तू नुसता धरून हुबा राहा," ती म्हणाली.

मी राहिलो. तासाभरानं दाजी वर आले, आणि ज्याला आणायला गेले होते त्यालाही वर आणलं. पहिल्याच दिवशी. सगळी माणसं तिकडं धावली. बाया रडायला लागल्या. दाजींनी बटण दाबून सिलिंडर उतरवला, दोर सोडला, शोभा त्यांना धरून घराकडं निघालीसुद्धा.

मी दोर धरून उभाच होतो. सोड म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःच्या अकलेनं काही करायची माझी छाती होत नव्हती.