हवेपुरती जागा

सटाण्याच्या एसटी स्टँडवर माझी बॅग बंद होत नव्हती. मी जर्मनीला निघाले होते आणि घरात दोन पक्ष पडले होते. आई आणि मोठा भाऊ प्रवीण बॅगेवर बसून चेन ओढत होते. नाना, म्हणजे आमचे वडील, दुसऱ्या बाजूने बॅग उपसत होते. नाशिकची गाडी लागलेली, कंडक्टर घड्याळ बघतोय आणि नाना भर स्टँडवर उकिडवे बसून दोन चादरी, कुरडयांचा डबा आणि आईने तळाशी लपवलेले चार किलो कांदे बाहेर काढतायत. "हवाले जागा ठेव," ते अहिराणीत म्हणाले, म्हणजे हवेला जागा ठेव. निरोपाचं एवढंच. मला रडू येणार होतं, पण कांदे घरी न्यायचे की कंडक्टरला द्यायचे यावरून आईने वाद सुरू केला आणि रडायचं राहूनच गेलं.

नानांचं सगळं शहाणपण कांदाचाळीतलं, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधलं. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा तर खालून, बाजूंनी वारा खेळला पाहिजे आणि थर छातीच्या वर जाता कामा नये. मी अकरावीत असताना नाना लग्नाला मालेगावला गेले आणि चाळ भरायचं काम माझ्यावर आलं. मी पडले हुशार. उरलेला कांदा बाहेर कशाला ठेवा, म्हणून छपरापर्यंत भरला. श्रावणात असा वास सुटला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. नाना ओरडले नाहीत. सडका कांदा पाटीपाटीने बाहेर टाकताना एकदाच म्हणाले, "बेटी, कांदा जित्ता शे. त्याले दम लेवू दे."

म्हणून मी पुढे पेशींच्या श्वासावर संशोधन करू लागले तेव्हा नानांना काहीच नवल वाटलं नाही. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक भाग असतात, ते ऑक्सिजन वापरून अन्नातून ऊर्जा काढतात. पेशी किती ऑक्सिजन ओढतात ते मोजायचं, हे माझं काम. आईने गावात "पोरगी जर्मनीत श्वास मोजते" असं सांगून ठेवल्यामुळे दम्याच्या दोन पेशंटांनी मला फोन केला. मावशांना थकव्यावरचं टॉनिक हवं असतं, ते वेगळंच.

तिकडच्या दुसऱ्या वर्षी मात्र माझ्याच तोंडचं पाणी पळालं. करार वाढवून हवा तर तीन आठवड्यांत बॉसला आकडे दाखवायचे होते. आजारी पेशी निरोगी पेशींपेक्षा कमी ऑक्सिजन ओढतात, एवढं सिद्ध करायचं होतं. पण माझ्या निरोगी पेशीच मेल्यासारख्या गप्प. मी मशीन धुतलं, रसायनं बदलली, मशीनला अहिराणीत शिव्या दिल्या. करार गेला की व्हिसा जाणार, आणि माझ्या परत येण्याची वाट बघत सटाण्यात दोन स्थळं टपून बसली होती.

रविवारी सकाळी नानांचा फोन आला. "काय चालू शे?" मी वैतागून सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "थर केवढा शे?"

"नाना, थर नसतो. प्लेटमध्ये बारीक खळगे असतात, त्यांत पेशी टाकतात."

"कितल्या टाक्यात?"

"दुप्पट. आकडा मोठा यावा म्हणून."

मला थेट श्रावणातला तो वास आला.

"छपरालगून?" त्यांनी विचारलं.

मी फोन ठेवला आणि डोकं धरून बसले. मोजणी सुरू व्हायच्या आधीच माझ्या पेशी खळग्यातला ऑक्सिजन संपवून टाकत होत्या, आणि निरोगी पेशी जास्त ओढतात म्हणून आधी त्याच गुदमरत होत्या. दोन देशांत शिकून मी पुन्हा चाळच भरली होती. सोमवारी निम्म्या पेशी टाकल्या, तर काय श्वास घेतला त्यांनी! करार वाढला. हे कसं सुचलं, असं बॉसने विचारल्यावर मी म्हणाले, साठवणुकीतल्या एका तज्ज्ञांशी बोलले. कोणत्या विद्यापीठाचे, हा त्यांचा पुढचा प्रश्न. ते स्वतंत्रपणे काम करतात, असं सांगून मी वेळ मारून नेली.

नानांना आनंदाने कळवलं. "तुन्या पेशी टिकतस कितला दिन?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच दिवस."

"बस? मना कांदा दिवाळीलगून टिकस." आणि माझ्या भवितव्याची काळजी वाटून त्यांनी फोन आईकडे दिला.

यंदा मे महिन्यात, तीन वर्षांनी, घरी गेले. प्रवीणने स्टँडवरच सांगून टाकलं, "तुन्या खोलीमा कांदा भरेल शे." चाळ पुरत नाही म्हणून मी गेल्यापासून दरवर्षी भरतात, मला कोणी बोललं नव्हतं एवढंच. मला राग आला. तुम्ही माझ्यासारखे बाहेर पडला असाल तर तुम्हाला कळेल. आपल्यावाचून घर चालतं हे आपल्याला माहीत असतं, पण ते डोळ्यांनी बघवत नाही.

खोली उघडली. तीन भिंतींना छातीपर्यंत कांदा, दोन्ही खिडक्या सताड उघड्या. खिडकीखाली मात्र एक लांबट जागा रिकामी होती, झाडून स्वच्छ केलेली.

"ही का सोडली?" मी नानांना विचारलं.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कांदाले हवा लागस." आई मागून म्हणाली, दरवर्षी तेवढीच सोडतात, कोणाला एक पाटीही टेकवू देत नाहीत.

मी मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. प्रवीणला हाक मारून ओसरीवरची माझी जुनी खाट आत आणवली आणि त्या जागेत ठेवली. ती बरोबर बसली, एक बोटही इकडे-तिकडे नाही.