न फोडलेलं पाकीट

ओल्या मेथीचा वास आला की मंगरूळपीरजवळच्या मळ्यातली आमची ओसरी आठवते. कर्करोगानं खंगलेली आई तिथं पदर दातांत धरून पडून असायची. डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या, सवय लागेल या भीतीनं, मी आठवडाभर तिला दिल्याच नव्हत्या. घरी तपासायला आलेल्या नर्सबाईंनी न फोडलेलं पाकीट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “सवयीले भेता, पन मायले किती दुखून राह्यलं, ते तिले विचारलं काय भाऊ?” मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वेळा लिहून दिल्या, पहिली गोळी स्वतः दिली. दुसऱ्या दुपारी आई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “मेथी आन, निवडून देतो.” त्या आठवड्याबद्दल तिनं कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, हे मला अजूनही सुचत नाही.